बदललेली पोरं नकोत, तर पाठवता कशाला?

संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

स.न.वि.वि.

संस्थेचं नाव या पत्रात नाही, ते मुद्दामच घातलेलं नाही. ज्यांना लिहिलंय त्यांना पहिल्या चार ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचं नाव मनात घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही.

गेल्या महिन्यात मेन बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर एक सर्क्युलर लागलं. माझ्या चुलतबहिणीनं त्याचा फोटो मला दुपारी कामावर असताना पाठवला, खाली एकच शब्द: 'वाच'. तीन कलमं आहेत. जर्मनीतल्या सहयोगी विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला पाठवण्याची योजना येत्या वर्षापासून बंद. तिच्याऐवजी दहा दिवसांची आंतरराष्ट्रीय अभ्यास सहल, ऐच्छिक, माणशी एक लाख ऐंशी हजार. आणि तिसऱ्या कलमात कारण. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत सांगायचं तर, परतलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्तनात पडलेला फरक आणि त्याचा इतरांच्या शिस्तीवर होणारा परिणाम पाहून मंडळानं हा निर्णय घेतला आहे.

त्या योजनेतून गेलेल्या पहिल्या पाच जणांत मी होते. ऑक्टोबर 2017 ते मार्च 2018. म्हणजे कलम तीनमधल्या फरकातला काही वाटा माझा. तो फरक नेमका काय होता, हे मंडळातल्या कुणीही मला आजवर विचारलेलं नाही. चुलतबहिणीची निवड यंदा झाली होती. तिचा पासपोर्ट आलाय, पुण्याला जाऊन ती जर्मनची परीक्षा देऊन आलीय, आणि आता ती गप्प आहे. सर्क्युलर लागल्यावर मी ऑफिसात दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा 'लेखी द्या' म्हणाले. लेखी दिलं, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय.

आधी फरकाबद्दलच बोलू. तो पडतो. मी नाकारत नाही.

आमचं घर बेळगावातल्या वडगावात. खाली चार पॉवरलूम, वर आम्ही. माग चालू असताना वरच्या फरशीला पाय लावला की तळव्याला गुदगुल्या होतात, इतकी ती थरथरते. त्या आवाजात मी बाराखडी शिकले, दहावीचा अभ्यास केला, इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काढली. जर्मनीतल्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी मशीन चालू करायच्या आधी असिस्टंटनं प्रत्येकाच्या हातात कानावर घालायचे मफ दिले. मला हसू आलं. मनात म्हटलं, बाबा रे, मी मागाच्या डोक्यावर झोपलेली पोरगी, मला कसला आवाज दाखवतोस. तरी घातले, कारण न घालणाऱ्याला तो आत घेत नव्हता.

मार्चमध्ये घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला खाली माग सुरू झाले आणि मी दचकून उठून बसले. वीस वर्षं ज्यात वाढले तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग एकेक कळत गेलं. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. बाबा फोन नेहमी उजव्याच कानाला लावतात. आई त्यांच्या डाव्या बाजूला बसली की बोलण्याआधी त्यांच्या दंडाला हात लावते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलेलं नव्हतं.

मी काय केलं? शहाणपणा केला. चहाच्या वेळी बाबांना सुनावलं, "तिकडं असं नसतं. तिकडं कानाला लावल्याशिवाय मशीनजवळ जाऊ देत नाहीत." बाबा म्हणाले, "तिकडं माझे माग आसते तर तिकडं बी आसंच आसतं की." आणि खाली गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी खडेबाजारातून कानात घालायचे बोळे आणून त्यांच्या तंबाखूच्या डबीशेजारी ठेवले, काही न बोलता. आता घालतात. कुणी गिऱ्हाईक आलं की पटकन काढून खिशात टाकतात.

सांगायचं हे की पोरगं परदेशातून नवीन काही घेऊन येतं त्याहून जास्त, घरातलंच जुनं त्याला नव्यानं दिसायला लागतं. सुरुवातीला ते बोलून दाखवायची रीत त्याला जमत नाही. मला जमली नव्हती. 'तिकडं असं नसतं' हे वाक्य मी पहिल्या महिन्यात इतक्या वेळा म्हटलं असेन की आमच्या गल्लीत माझं नावच 'तिकडं' पडलं होतं. आपल्या प्राध्यापकांना याचा वैताग आला असेल, तर त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. पण वैतागावर उपाय म्हणून योजनाच बंद करायची?

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, त्यामुळे काही लांबतील.

पहिली, शिस्तीबद्दल. मी काय बेशिस्त केली ते मीच सांगते. तिकडं पेपर तपासून झाले की एक तारीख लावतात. ज्याला हवं त्यानं त्या दिवशी जाऊन आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायची, शेजारी प्राध्यापकांचा असिस्टंट बसलेला. माझे एका प्रश्नात चार गुण गेले होते. मी नुसतं बघून उठणार होते, इकडची सवय. तोच म्हणाला, इथं तुझी रीत वेगळी आहे पण बरोबर आहे. पेन काढून दोन गुण वाढवले. उरलेले दोन का नाहीत तेही समजावून सांगितलं. अर्ज नाही, फी नाही, रुसवा नाही. एकदा तर वर्गात कुणीतरी शंका विचारली तेव्हा पांढऱ्या केसांचे प्राध्यापक खडू हातात धरून म्हणाले, "मला माहीत नाही. मंगळवारी सांगतो." आणि मंगळवारी तास सुरू करताना आधी तेच सांगितलं. तास संपल्यावर मुलं बोटांची पेरं बाकावर आपटतात, टाळ्यांच्या जागी. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, सरांची हुर्यो उडवतायत.

इकडं आल्यावर इंटरनलला गुण कमी पडले म्हणून मी पेपर बघायला मागितला. सर म्हणाले, "माझ्यावर शंका घेतेस?" मी म्हटलं, "सर, शंका माझ्या उत्तरावर आहे." हे वाक्य नंतर विभागभर उद्धटपणाचा नमुना म्हणून फिरलं. मान्यवरहो, स्वतःची उत्तरपत्रिका बघणं हे जर्मनीचं खूळ नाही. 2011 साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलंय की परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते. मी जर्मनीला जाऊन भारतातला नियम शिकून आले, असं म्हणा हवं तर.

दुसरी, क्रेडिटची, म्हणजे तिकडं पुरे केलेले विषय इकडच्या पदवीत धरण्याची. ही तक्रार शिस्तीच्या नावाखाली झाकली गेलीय, म्हणून तिला नीट उघडते. युरोपात वर्षाला 60 क्रेडिट धरतात, सेमिस्टरला 30. आम्ही पाचही जण पूर्ण करून आलो. इकडं परीक्षा विभागात मार्कलिस्ट दिली. काउंटरवरच्या काकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि हळहळत म्हणाले, "एक पॉइंट सात? फेल हाय की हो हे, बाई." तिकडं 1.0 सर्वात वरचा, 4.0 वर पास, 5.0 म्हणजे नापास. 1.7 हा चांगला गुण आहे. ते काकांना पटवायला माझे अकरा दिवस गेले. काकांचा दोष नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. जर्मन विद्यापीठं परदेशातले गुण आपल्या मापात बसवायला बव्हेरियन नावाचं एक साधं सूत्र वापरतात. ते उलटं चालवलं, दहापैकी चारला पास धरलं, तर 1.7 चे 8.6 होतात. एका ओळीचं गणित आहे. करार करताना ते एका कागदावर लिहून परीक्षा विभागात चिकटवलं असतं तर पुरे होतं.

तसं झालं नाही. सहापैकी दोन विषय 'जुळत नाहीत' म्हणून मला ज्युनियरबरोबर पुन्हा बसायला लागलं. जर्मनीतलं सेमिस्टर मार्चअखेर संपतं, आपलं पुढचं फेब्रुवारीतच सुरू झालेलं असतं. त्यामुळे परत आल्या दिवसापासून हजेरी कमी. 85 टक्क्यांचा नियम आहे आणि मी जर्मनीत आपल्याच कॉलेजच्या सहीनं बसले होते, तरी मला हजेरी माफीसाठी अर्ज करायला लावला. अर्जात कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते: आजारपण आणि इतर. मी 'इतर' लिहिलं. आमच्या पुढच्या तुकडीत एकानं वैतागून डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. संस्थेनं स्वतः पाठवलेल्या पोराला संस्थेतच खोटा आजार दाखवावा लागला. कलम तीनमध्ये शिस्तीची काळजी आहे म्हणून ही गोष्ट इथं लिहितेय.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट पदवीसाठी धरता येतील असं म्हटलंय. आपलं कॉलेज स्वायत्त आहे, अभ्यासक्रम आपणच ठरवता. अडचण वर कुठं नाही.

तिसरी, पैशाची. सहयोगी विद्यापीठात फी नव्हती, हे आपण माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापता. व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम बारीक अक्षरातही नसते. आमच्या वेळी महिन्याला 720 युरो धरायचे, सहा महिन्यांचे 4,320, म्हणजे तेव्हाचे तीन लाखांच्या पुढे. शिवाय विमान, विमा. आईच्या पाटल्या गेल्या, मागांवर कर्ज चढलं. 2024 पासून हाच आकडा महिन्याला 992 युरो झालाय. सहा महिन्यांना साडेपाच-सहा लाख. बँका साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत असं नियम सांगतो, पण एका सेमिस्टरसाठी कर्ज म्हटल्यावर मॅनेजर साहेबांना ते कुठल्या खान्यात घालायचं तेच कळत नाही. आणि सीमाभागातल्या मराठी पोरांची आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्तीला जा, तर रहिवासी दाखला महाराष्ट्राचा मागतात. इकडच्या योजनेचा फॉर्म कन्नडमध्ये, तो भरून देणारा एजंट पैसे मागतो. 865 गावांवर हक्क सांगणारं राज्य एक, त्या गावांवर राज्य करणारं दुसरं, आणि पोरगं झेरॉक्सच्या दुकानात. यात आपला दोष नाही हे कबूल. पण या मुलांसाठी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस, फॉर्म भरायला बसवणं आपल्या हातात होतं.

चौथी. जाताना आमचे फ्लेक्स लागले होते, आरपीडी क्रॉसवर एक आणि कॉलेजच्या गेटवर एक. वर मंडळातल्या अकरा जणांचे फोटो, खाली आमचे पाच, पासपोर्ट साइझ. शाल, श्रीफळ, कुंद्याचा पुडा. परत आलो तेव्हा गेटवरच्या वॉचमननं ओळखपत्र मागितलं, ते जुनं झालं म्हणून आत सोडेना. मला हार नको होता. कुणीतरी अर्धा तास बसवून विचारायला हवं होतं, काय बघितलंस, कसं वाटतंय.

कारण वाईट वाटत होतं. एप्रिल-मेमध्ये मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मैत्रिणींचं बोलणं ऐकू यायचं, पण आपण काचेपलीकडं बसल्यासारखं वाटायचं. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबांना वाटलं कुणी जर्मन मुलगा असेल. (नव्हता.) पुढं एकदा वाचताना कळलं की याचा अभ्यास झालाय आणि तो माझ्या आईपेक्षाही जुना आहे. 1955 साली नॉर्वेच्या लिसगार्ड नावाच्या संशोधकानं अमेरिकेत शिकून आलेल्या आपल्या देशबांधवांना विचारून एक वक्ररेषा मांडली: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग हळूहळू रुळणं. सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रुळलेले निघाले. आपलं सेमिस्टर सहा महिन्यांचं! पोरगं नेमकं खड्ड्यात असताना आपण त्याला उचलून घरी आणतो. 1963 मध्ये गलाहॉर्न दांपत्यानं त्यापुढं दाखवलं की परत आल्यावर तीच घसरण पुन्हा होते, मायदेशात. म्हणजे आपल्याला जो 'वर्तनातला फरक' दिसला तो बहुतेक या दुसऱ्या खड्ड्यातला होता. तिथं पोर धडपडत असताना त्याच्यासाठी माणूस ठेवायच्या ऐवजी संस्थेनं त्याची नोंद केली.

पाचवी, मुलींची. ही थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलं तर राग येईल. पालकांच्या तक्रारी मुलींबद्दलच जास्त आल्या, असं मला ऑफिसात तोंडी सांगितलं गेलं. तिकडं मी रात्री साडेअकराला लायब्ररीतून एकटी चालत खोलीवर यायची. इकडं आल्यावर मुलींच्या हॉस्टेलचं गेट सात वाजता का बंद होतं आणि मुलांचं का नाही, एवढंच मी विचारलं. अजून विचारतेय.

आता ज्या फरकाबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण तो कुणाच्या लक्षातच आला नाही, तो सांगते.

आम्हा पाचांत एक मुलगी बैलहोंगलची होती, इलेक्ट्रॉनिक्सची. कन्नड. दोन वर्षं एकाच कॅम्पसमध्ये असून आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. कॅन्टीनमध्ये त्यांचं टेबल वेगळं, आमचं वेगळं. हे कुणी ठरवलेलं नसतं, पण असतं. जर्मनीत आम्हाला एकच स्वयंपाकघर मिळालं. पहिल्या रात्री बॅगा उघडल्या. माझ्या आईनं दिलेली शेंगाचटणी, तिच्या आईनं दिलेली शेंगाचटणी. दोघींच्या डब्यांवर चिकटपट्टी लावायची रीतसुद्धा एकच. नावही एकच, शेंगा त्यांच्याकडंही शेंगाच. दोघी फरशीवर बसून हसत सुटलो, शेजारची स्पॅनिश मुलगी बघत राहिली.

बेळगावात जन्मून वीस वर्षांत मला कन्नड येत होतं ते बसच्या कंडक्टरपुरतं. ते मी शिकले जर्मनीत, नोव्हेंबरच्या अंधारात, कांदा चिरताना. 'ऊटा आयता?' हे जेवण झालं का एवढंच विचारत नाही, बरी आहेस ना असंही विचारतं, हे मला तिथं कळलं. ती माझ्याकडून मराठी शिकली, शिव्यांसकट. सीमाप्रश्नावरचं माझं मत बदललेलं नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, त्याचा निकाल लागायला पाहिजे असं मला आजही वाटतं. तिचं मत तिचं आहे. त्यावर एकदा दोन दिवस अबोला झाला होता, भांडी कुणी घासायची यावरून मिटला. आज उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी कास्टिंगच्या गेटिंग-रायझरचं, म्हणजे साच्यात वितळलेला धातू नेणाऱ्या वाटा आणि साठ्यांचं, डिझाइन करते. मोल्डिंगवरच्या निम्म्या माणसांशी मी कन्नडमध्ये बोलते आणि माझं रिजेक्शन कमी येतं, कारण साच्यात वाळू कुठं ढासळते ते ती माणसं मला सांगतात. आधीच्या साहेबांना सांगत नव्हती.

जेना विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये अकराशेंहून जास्त जर्मन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, निम्मे परदेशी जाऊन आलेले, निम्मे घरी राहिलेले. जाऊन आलेल्यांच्या स्वभावात मोकळेपणा वाढला, जुळवून घेणं वाढलं, चिंता कमी झाली. त्यामागं मोठं कारण होतं तिथं जोडलेली नवी माणसं. त्यांना इटलीची, पोलंडची माणसं मिळाली. मला बैलहोंगलची मिळाली, हा आमच्या जिल्ह्याचा विनोद.

आणि आता आपली दहा दिवसांची सहल. 2018 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी परदेशात राहिलेल्या माणसांना घेऊन तपासलं, की 'आपण कोण आहोत' हे परदेशी राहून जास्त स्पष्ट होतं का. होतं, असं निघालं. किती देश पाहिले याला त्यात महत्त्व नव्हतं, किती काळ राहिलात याला होतं. आपल्या सहलीच्या कार्यक्रमात दहा दिवसांत तीन देश आहेत. दोन कारखाने, एक विद्यापीठ (दोन तास), बाकी जे असतं ते. त्यातून पोरं बदलणार नाहीत, याची मी खात्री देते. फोटो चांगले येतील. फ्लेक्सला तेवढे पुरतात. मला राहून राहून वाटतं की मंडळाला परदेश हवाय, परदेशानं होणारा परिणाम नकोय.

पोरं परत येत नाहीत, हा एक आक्षेप मला ऑफिसात ऐकवला गेला. आम्हा पाचांपैकी दोघं आज जर्मनीत आहेत, मास्टर्स करून तिथंच लागले. खरं आहे, आणि मलाही त्याचं वाईट वाटतं. पण आम्ही तिघं परत आलो तेव्हा इथं आमच्यासाठी काय होतं ते वर लिहिलंय.

जागा करून ठेवावी लागते. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा कोल्हापूर संस्थानानं आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी धरली होती. आजारपणानं त्यांना ती सांभाळता आली नाही, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पण जागा होती, आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी. उलट कोलंबियाला शिकून आलेले बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर त्यांना राहायला घर मिळेना, पारशी सराईतून बाहेर काढलं गेलं. शिकायला पाठवणारे महाराज तेच होते. बाकीचं गाव तयार नव्हतं. आमची त्यांच्याशी बरोबरी नाही, माझा हजेरीचा अर्ज आणि ते दुःख एका पंगतीत बसत नाही. पण पाठवणं सोपं आणि परत आलेल्याला सामावून घेणं अवघड, एवढं त्यातून दिसतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सर्क्युलरमधलं तिसरं कलम मागं घ्यावं. योजना पैशामुळे बंद करायची असेल तर तसं लिहावं, आकडे दाखवावेत, मग आपण पैशावर बोलू. मुलांच्या वागण्यावर ढकलू नये.

यंदा निवडलेल्या चौघांना जाऊ द्यावं. त्यांनी तयारीवर खर्च केलाय, एकीनं कॅम्पसमधल्या नोकरीच्या मुलाखती सोडल्यात.

जाण्याआधी विषय जुळवून, कुठल्या विषयाला किती क्रेडिट ते लिहून, विद्यार्थी, विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात. परत आल्यावर त्यात बदल नाही. तिकडचे दिवस हजेरीत धरावेत.

खर्चाचा पूर्ण आकडा माहितीपत्रकात छापावा, व्हिसाच्या रकमेसकट. आणि सहलीसाठी संस्था जो काही वाटा उचलणार असेल, तो दोन गरजू मुलांच्या सेमिस्टरला द्यावा.

परतलेल्या मुलांना पुढच्या तुकडीची तयारी करून घ्यायचं काम द्यावं. मी दर शनिवारी दुपारी तीन ते पाच फुकट यायला तयार आहे. बैलहोंगलची मैत्रीणही येईल, तिला विचारलंय. मराठी, कन्नड, दोन्हींत सांगू.

हॉस्टेलच्या गेटचं मी वर विचारलंच आहे.

हिवाळी सेमिस्टरसाठी सहयोगी विद्यापीठाला नावं कळवायची मुदत मेअखेर आहे. चुलतबहिणीचा फॉर्म तिनं माझ्याकडं ठेवायला दिलाय, घरात नको म्हणाली, बघितला की त्रास होतो. सगळं भरलेलं आहे, फक्त कॉलेजच्या सही-शिक्क्याची जागा मोकळी आहे. मी तो सोमवारी सकाळी दहाला घेऊन येते. पत्राचं उत्तर मला घरी पाठवू नये. सर्क्युलर जिथं लागलं त्याच बोर्डावर लावावं, म्हणजे ज्यांनी कलम तीन वाचलं त्यांना हेही वाचता येईल.

कळावे,
आपली माजी विद्यार्थिनी,
मेकॅनिकल, पहिली तुकडी
वडगाव, बेळगाव